शेजारची खुर्ची

"नादेझ्दा असेनोवा मेतोदिएवा."

आवाज तरुण होता. धुऊन दोरीवर घातलेल्या कापडासारखा स्वच्छ, आणि कडेला जरासा थरथरणारा. ती थरथर नझमियेला तेव्हा कळली नव्हती. तेव्हा ती सात वर्षांची होती, गावातल्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसली होती, आणि बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता. त्सोनेवा बाईंनी हजेरीपटावर पेन्सिल दोनदा टेकवली, टक टक, आणि तेच नाव पुन्हा वाचलं.

कुणी उठलं नाही. नझमियेनं मागं वळून पाहिलं. नवी मुलगी आली असणार. मागं भिंत होती, भिंतीवर नकाशा होता, मुलगी नव्हती. मग ती दाराबाहेर असेल, बुटांवरचा बर्फ झटकत असेल. नझमियेनं दप्तर उचललं आणि ती बाकाच्या टोकाला सरकून बसली. येणाऱ्या मुलीला जागा नको का?

नऊ दिवस ती तशी सरकून बसली. नऊ दिवस नादेझ्दाच्या नावापुढं गैरहजेरीची फुली पडली. दहाव्या दिवशी सकाळी तिच्या बुटांचे बंद बांधताना वडील, हसन, मान वर न करता म्हणाले, "ते नाव वाचलं की तू उभं राहायचं. का, ते विचारू नकोस." ती उभी राहिली, आणि शेजारची ती रिकामी जागा कुणीही न येता भरून गेली.

त्या हिवाळ्यात बल्गेरियाभर बंदुका आणि कुत्री घेऊन सरकारची माणसं गावोगाव फिरली होती. तुर्की बोलणाऱ्या प्रत्येक घराला त्यांनी बल्गेरियन नावं देऊन टाकली. म्हाताऱ्यांना दिली, तान्ह्यांना दिली, कबरीत निजलेल्यांनाही सोडलं नाही. हसनचा असेन झाला, मेहमेदांचे मेतोदिएव झाले. पाच वर्षांनी राज्य पालटलं, नावं परत मिळाली, नझमिये पुन्हा नझमिये झाली. पण कुणी हाक मारली की ओ द्यायच्या आधी क्षणभर थांबायचं, ही खोड तिच्या अंगात राहिली ती राहिलीच.

हे सारं तिनं मुलीला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आता त्याला चाळीस वर्षं होत आली होती. मार्च महिना होता. नझमिये अंगणात तंबाखूच्या रोपांच्या वाफ्यावर वाकून बी टाकत होती. बी कसलं, नुसती धूळ. राखेत कालवून, बोटांच्या चिमटीतून सोडायचं. तिची आई म्हणायची ते तिच्या ओठांवर आपोआप यायचं:

बी माझं बारीक, मुंगीच्या डोळ्याचं,
उगवून सांगेल, कोणत्या मळ्याचं.

"आई, एक फुकटची गोष्ट आहे," निलाय दारातून म्हणाली. तिच्या हातात फोन होता.

निलाय तेरा वर्षांची, उशिरा झालेली एकुलती एक. जूनमध्ये तिची सातवीची परीक्षा होती, आणि त्या परीक्षेच्या गुणांवर कर्जाली शहरातल्या भाषांच्या शाळेत प्रवेश ठरणार होता. गणिताची चिंता नव्हती. घात करत होतं ते बल्गेरियन. परीक्षेत एक उतारा मोठ्यानं दोनदा वाचून दाखवतात, मुलांनी तो ऐकायचा, आणि मग त्यातल्याच कुणा एकाच्या तोंडून पुन्हा सांगायचा, कागदावर. निलाय ऐकायची नीट, पण लिहायला बसली की चार ओळींत विझायची. वर्गशिक्षक म्हणाले होते, शिवणकामाच्या शाखेचा फॉर्मही भरून ठेवा. शिवणकामाची शाखा म्हणजे पुढं शिवणकारखाना, हे कुमरूदेरे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. निलायचा बाप, रुझदी, रोज पहाटे मिनीबस भरून बायकांना त्याच कारखान्यात सोडून यायचा.

फुकटची गोष्ट म्हणजे इंटरनेटवरची एक जागा होती. 'शेजारची खुर्ची' असं तिचं नाव. मुलांना नाही, आईबापांना शिकवायची. मुलाला अभ्यासात हात कसा द्यावा, काय विचारावं, कधी गप्प बसावं. उतारे वाचून ध्वनिमुद्रित केलेले होते, सोबत पालकांसाठी एक कागद होता, आणि मुलानं लिहिलेलं फोटो काढून पाठवलं की दोन दिवसांत कुणीतरी वाचून उत्तर द्यायचं.

"फुकट?" संध्याकाळी रुझदीनं चहात साखर ढवळत विचारलं. "नीट बघ. खाली बारीक अक्षरात मूत्रपिंड मागितलं असेल."

"बाबा, निवृत्त शिक्षक आहेत. आवड म्हणून करतात."

"निवृत्त माणूस आवड म्हणून मासे पकडतो. दुसऱ्याच्या पोरीच्या चुका कोण पकडत बसतं?"

शेजारची झेकिये दही मागायला आली होती. गल्लीत ती सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्या तिला आब्ला, म्हणजे थोरली बहीण, म्हणायच्या. ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "फुकट वाईट असतं असं नाही हं. आमची ती नव्या नावांची ओळखपत्रं, तीसुद्धा फुकटच होती. घरपोच दिली. कुत्र्यांसकट."

रुझदी हसला. नझमिये हसली नाही. तिनं निलायकडं बघितलं. निलायला विनोद कळला नव्हता, आणि आब्लानंही पुढं काही सांगितलं नाही.

नोंदणीच्या पानावर एकच रकाना होता. पालकाचं नाव. खाली लिहिलं होतं, 'पत्रात तुम्हाला हाक मारता यावी म्हणून. मुलाचं नाव, पत्ता, फोन, काही नको.'

आता इथंच मेख आहे, नझमियेला वाटलं. ज्याला काहीच नको, त्याला नाव कशाला हवं? कोऱ्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत होती. कुणीतरी दार वाजवून बाहेर वाट बघत उभं असावं, तशी.

"लिही," ती म्हणाली. "नादेझ्दा मेतोदिएवा."

"ही कोण?"

"कुणी नाही. लिही तू."

शेण काढायला जावं लागतं तेव्हा अंगावर चढवायला एक फाटका कोट असतो ना दारामागं? तसं ते नाव होतं. मळलं तरी हरकत नव्हती, गेलं तरी रडू येणार नव्हतं.

पहिल्याच कागदावर पहिली सूचना होती: 'मुलाच्या शेजारी खुर्ची ओढा. समोर नको, शेजारी.' नझमियेनं ओढली. शिकवायला म्हणून नाही, पहाऱ्याला म्हणून. ही फुकटची माणसं पोरीला काय काय ऐकवतात, ते तिला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

फोनमधून आधी आवाज आला तो टक टक. मग एका वयस्क बाईनं वाचायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्याची छत्री बसमध्ये राहते, आणि ती परत करायला एक पोरगा तीन गावं चालत जातो. आवाज जुन्या लाकडासारखा होता, मध्ये मध्ये तडा गेलेला, पण धारेला सरळ. नझमिये नकळत खुर्चीच्या टोकाला सरकली. का, ते कळेना. खुर्ची डुगडुगत असेल, ती स्वतःला म्हणाली.

कागदावर पालकांसाठी तीनच प्रश्न होते. कुणाचं काय हरवलं? कुणी काय पाहिलं? कोण काय बोललं नाही?

"विचार ना," निलाय म्हणाली.

"मी काय विचारणार? माझं आठवीतलं बल्गेरियन."

"लिहिलेलंच वाचायचंय, आई. तुला कुणी नापास करणार नाही."

तिनं वाचलं. पहिल्या दोन प्रश्नांना निलायनं पटापट उत्तरं दिली. तिसऱ्याला थांबली. पेन चावलं. मग म्हणाली, "तो पोरगा. तो म्हाताऱ्याला सांगतच नाही की मी चालत आलो. बस मिळाली म्हणतो." आणि मान खाली घालून लिहायला लागली, ती चार ओळींवर थांबली नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'प्रिय नादेझ्दा मेतोदिएवा, तुमची मुलगी वाक्य सुरू करते आणि उंबऱ्यावर थांबते. आत जायला भिते. पण शेवटी शेवटी तिनं एक पाऊल आत टाकलंय. तुम्ही शेजारी बसला होता, हे दिसतं.'

"कसं दिसतं?" नझमिये एकदम म्हणाली. "इथं कॅमेरा चालू असतो का?"

"माझ्या कागदावर तुझ्या चहाच्या पेल्याचा गोल उमटलाय, आई. फोटोत आलाय."

रुझदीला हे पुढं आठवडाभर पुरलं. "नझमिये, पेला नीट ठेव," तो जेवताना म्हणायचा. "मोठ्या लोकांची नजर आहे तुझ्यावर."

एप्रिल गेला. वाफ्यांवरच्या प्लास्टिकखाली रोपं बोटभर झाली. दिवसभर मातीत वाकायचं, संध्याकाळी हात धुऊन खुर्चीवर बसायचं, असं चालू राहिलं. नझमिये अजून पहाऱ्यालाच बसत होती, असं ती म्हणायची. पण पहारेकऱ्याला झोपून चालत नाही. ऐकता ऐकता तिला उतारे आठवायला लागले. वाफ्यातलं तण उपटताना ती तिसरा प्रश्न स्वतःलाच विचारायची. कोण काय बोललं नाही? एकदा तिनं निलायला वरचा चौथा प्रश्न विचारला, कागदावर नसलेला. निलायनं मान वर करून आईकडं बघितलं, आणि मुकाट्यानं खुर्ची एवढीशी जवळ ओढली.

आणि मग मे महिन्यात ते पत्र आलं.

'प्रिय नादेझ्दा असेनोवा मेतोदिएवा,'

पुढचं नझमियेनं वाचलंच नाही. निलाय वाचून दाखवत होती, क्रियापदांबद्दल काहीतरी, शेवट छान झाल्याबद्दल काहीतरी. नझमियेच्या कानांत नुसता बर्फ पडत होता.

असेनोवा. असेनची मुलगी. हे तिनं लिहिलंच नव्हतं.

"तू लिहिलंस का?" तिनं निलायचा हात धरला. "खरं सांग. मधलं नाव तू लिहिलंस?"

"मला कुठं माहीत आहे मधलं नाव? मला तर ती बाई कोण तेच माहीत नाही. हात सोड, दुखतंय."

तिनं फोन घेतला, बंद केला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. का पिठाच्या डब्यात, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या आईनं जुनी, खरी ओळखपत्रं तिथं लपवली होती.

ज्यांना ते नाव अजून आठवत असेल ती माणसं तिनं मोजली. वडील, गेले. आई, गेली. भाऊ, एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेला तो आता बुर्सात राहतो. तिनं त्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कुणीही विचारलं तरी काही सांगू नकोस," तो म्हणाला. "आणि हे असं फोनवर बोलू नकोस." त्यानं फोन ठेवून दिला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्याच्या आवाजात बारा वर्षांचं पोर होतं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या शाळेत गेली. शाळा बंद पडून पंधरा वर्षं झाली होती, आत कुणीतरी गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या. गावच्या कारभाऱ्यानं टोपी मागं सारत सांगितलं, हजेरीपट वगैरे केव्हाच शहरात नेले, किंवा जाळले, किंवा उंदरांनी खाल्ले. "कशाला हवेत? गुण वाढवून घ्यायचेत का आता?"

रात्री जेवताना रुझदीनं नेहमीची चेष्टा केली नाही. "सरळ विचारून टाक त्यांना," तो म्हणाला.

"विचारलं म्हणजे कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

तिनं ताटं उचलली.

आठवडा गेला. निलायनं पुस्तकातले दोन उतारे एकटीनं सोडवून पाहिले आणि दोन्ही फाडून टाकले. शाळेतल्या सराव परीक्षेत तिला पुन्हा चार ओळी आल्या. तो कागद तिनं आईपुढं ठेवला, ओरडली नाही, रडली नाही. कोट चढवत दारातून नुसतं म्हणाली, "बाबांना सांग, मिनीबसमध्ये माझी एक जागा धरून ठेवा."

नझमिये तशीच उभी राहिली. जागा धरून ठेवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग तिनं पिठाचा डबा उघडला, फोन काढला, एप्रनला पुसला. येऊ दे काय यायचं ते. लांडगा असेल तर निदान शेजारी बसून तरी बघता येईल.

त्या संध्याकाळपासून ती वेगळ्या कानांनी ऐकायला लागली. आवाजात सापळा शोधायला लागली. कुठं श्वास घेते ही बाई, कुठं थांबते, कशाला हसते. आणि तिसऱ्या दिवशी तिला कळलं की आपण टोकाला सरकतो ते शब्दांनी नाही, शब्दांच्या आधीच. ती टक टक. पेन्सिल, लाकडावर, दोनदा. जगात लाखो माणसं वाचायच्या आधी पेन्सिल वाजवत असतील, तिनं स्वतःला समजावलं. लाखो असतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक उतारा आला. सोबत निरोप होता, की येत्या रविवारी पंधरा मिनिटं व्हिडिओवर प्रत्यक्ष बोलता येईल, पालकांची इच्छा असेल तर.

टक टक.

"एका शाळेत हिवाळ्यात एक तरुण शिक्षिका हजेरी घेत होती," आवाज वाचू लागला. "हजेरीपटावरची सगळी नावं नवी होती. एक नाव वाचल्यावर कुणी उठलं नाही. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं मागं वळून पाहिलं. मग तिनं आपलं दप्तर उचललं आणि ती बाकाच्या टोकाला सरकली. शिक्षिकेला वाटलं, ही अशी का सरकते? आणि मग तिला समजलं. तिनं पेन्सिल उचलली आणि फुली मारली."

एवढाच उतारा. नेहमीपेक्षा लहान. दुसऱ्यांदा वाचताना आवाज एका जागी अडकला आणि पुन्हा सुरू झाला. ते कापायचंही कुणी मनावर घेतलं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: 'मुलीच्या तोंडून सांगा.'

नझमियेनं प्रश्न विचारले नाहीत. निलायनंही वाट पाहिली नाही, ती लिहीत सुटली. पाऊण तासानं तिनं पेन खाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, सवयीप्रमाणं.

"मला वाटलं, नवी मुलगी येणार आहे. मी तिची वाट बघत होते. मी तिच्यासाठी जागा केली, कारण आमच्या घरी पाहुणा आला की सरकून बसतात. ती आली नाही. बाई रोज तिला हाक मारायच्या. मला तिची दया यायची, की ही कुठं हरवली. मग एक दिवस मला सांगितलं, ती तूच आहेस. तेव्हा मी बाकाच्या मधोमध येऊन बसले, पण मला अजून वाटतं, मी तिथं टोकालाच आहे."

ती थांबली. "आई? चुकलंय का?"

"नाही," नझमिये म्हणाली. "कुठंच नाही." तिनं मुलीच्या केसांवर हात ठेवला आणि लगेच उचलला, आणि अंगणात जाऊन रोपांना पाणी घातलं. दुपारीच घातलेलं होतं.

रविवारी रुझदी म्हणाला, "मी मागं उभा राहतो. काही बोलली तर मी आहे."

"तू मिनीबस धू."

"कालच धुतली."

"मग पुन्हा धू."

खोलीत दोघीच राहिल्या, दोन खुर्च्या शेजारी शेजारी. घंटी वाजली. आपल्याकडचा कॅमेरा नझमियेनं अंगठ्यानं झाकला. पलीकडं चित्र उमटलं: पांढरे आखूड केस, दोरीला बांधलेला चष्मा, मागं वह्यांचा ढीग. साठीच्या पुढची बाई. चेहरा ओळखीचा नव्हता. चाळीस वर्षांत चेहरे कुठं टिकतात? हातात पेन्सिल होती.

"शुभ दुपार," ती बाई म्हणाली. "तुम्ही दिसत नाही."

"दिसायला नकोच आहे आम्हाला."

बाईनं समोरचा कागद सरळ केला. मग तिनं निलायशी बोलायला सुरुवात केली. हजेरीच्या उताऱ्याचा कागद तिला मिळाला होता. "यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही," ती म्हणाली. "परीक्षेत असंच लिही. कोण काय बोललं नाही, ते शोध. बाकीचं आपोआप येतं." आणि मग, आवाज खाली आणून, "आता मला तुझ्या आईशी बोलायचंय."

"मी आहे इथंच," नझमिये म्हणाली. "आधी मला एक सांगा. असेनोवा कुठून आणलंत?"

पलीकडं पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

"मी मेतोदिएवा एवढंच लिहिलं होतं. हे गावातल्या कुणाला आता आठवत नाही, माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, या पोरीला ठाऊक नाही. तुम्हाला कसं?"

"हातानं लिहिलं गेलं," बाई म्हणाली. "मी तुम्हाला पत्र लिहीत होते, आणि हातानं सगळं नाव लिहिलं. हजेरीपटावर होतं तसं. पाठवल्यावर दिसलं. मला वाटलं, आता तुम्ही परत येणार नाही."

"त्सोनेवा बाई," नझमिये म्हणाली.

"हो."

निलाय एकदा फोनकडं आणि एकदा आईकडं बघत होती. बाहेर मिनीबसवर पाण्याचा पाइप सुरू झाल्याचा आवाज आला.

"मार्चमध्येच मी तुमचं नाव पाहिलं," त्सोनेवा बाई म्हणाल्या. "तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज उद्या सांगेन म्हणत होते. मग तो उतारा लिहिला, कारण तोंडानं सांगता येईना. पण त्यात मी एक गोष्ट गाळली. शिक्षिकेला नवी नावं आयती मिळाली नव्हती. मोठ्यांची यादी वरून आली होती. मुलांचे रकाने कोरे होते. मला एका दुपारी शाळेत बसवलं आणि सांगितलं, तुम्ही भरा. सव्वीस मुलं. मी तेवीस वर्षांची होते." त्यांनी चष्मा काढला. "नादेझ्दा हे नाव मी माझ्या मुलीसाठी जपून ठेवलं होतं, पुढं कधी झाली तर. ते तुम्हाला दिलं. मला वाटलं, आवडीचं नाव दिलं तर कमी दुखेल. नाव मी दिलं, आणि ते घ्यायला कुणी उठलं नाही, तेव्हा फुलीही मीच मारली. तुम्ही समोर बसलेल्या दिसत होतात."

नझमियेला राग यावा असं वाटत होतं. तिनं त्याची वाट पाहिली, येणाऱ्या मुलीची पाहिली होती तशी. तो होता, पण दाराबाहेरच उभा होता, बूट झटकत.

"आई," निलाय हळूच म्हणाली, "ती मुलगी तू आहेस?"

नझमियेनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. मातीनं काळ्या पडलेल्या बोटांत ती गोरी, शाईनं डागाळलेली बोटं.

"मी हे आणखी कुणावर सोपवू शकते," त्सोनेवा बाई म्हणत होत्या. "परीक्षेला दहा दिवस आहेत. दुसऱ्या चांगल्या शिक्षिका आहेत आमच्यात. तुमच्या मुलीचं नुकसान होणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"दुसऱ्या कशाला?" नझमिये म्हणाली. "तिला तुमच्या आवाजाची सवय झालीय. उद्या उतारा पाठवा." ती क्षणभर थांबली. ओ देण्याआधी थांबायची ती तेवढीच. मग तिनं कॅमेऱ्यावरचा अंगठा उचलला. "पण आधी तो रकाना पुसा. पेन्सिल घ्या हातात."

त्सोनेवा बाईंनी पेन्सिल घेतली. ती टेकवली नाही.

"काय लिहू?"

"नझमिये लिहा. हसनची मुलगी. मेहमेदांच्या घरातली," ती म्हणाली. "आणि ते नऊ दिवस मी तिथंच होते, बाई. तिसऱ्या बाकावर."